लाइन डिस आहे

मॅग्नेटो टेलिफोनचं हँडल फिरवताना ते हाताला कसं लागतं, त्यावरून जाणता लाइनमन अर्धं निदान करून मोकळा होतो. हँडल विहिरीच्या रिकाम्या रहाटासारखं गरागरा फिरलं, तर तार पुढं कुठंतरी तुटलीय. जड गेलं, कुणी मागून धरून ठेवल्यासारखं, तर दोन तारा कुठंतरी एकमेकींना भिडल्यात. पहिलीला ‘डिस’ म्हणायचं, दुसरीला ‘शॉर्ट’. कारण साधं आहे. पुढं रस्ताच बंद असेल तर जनरेटरची वीज वाहत नाही आणि मनगटाला विरोध होत नाही. जवळच आडवाट सापडली तर ती भसाभसा वाहते आणि तिचा भार हाताला कळतो. डिस हा शब्द बेळगाव-खानापूरकडं काळा फोन बाळगलेल्या घरांना नवा नाही. पावसाळ्यात टेलिफोनचा लाइनमन खांबावरून उतरला की हेच सांगायचा.

सीमाभागातल्या गावात माजी सैनिक भेटणं नवलाचं नाही. पण एखादा ‘मी सिग्नलला होतो’ म्हणाला की पारावरचं पुढचं वाक्य ठरलेलं: म्हणजे रेल्वेत? बिचारा समजावतो, ‘नव्हं, वायरलेस, टेलिफोन.’ मग ऐकणारा ‘असं होय’ म्हणून पुन्हा बंदुकीच्या गोष्टीकडं वळतो. पलटणींचे इतिहासही असेच लिहिले जातात. टेकडी कुणी घेतली ते पानभर. टेकडी घेतल्याचं मागं कळवलं कुणी आणि कशानं, ते एका ओळीत उरकलेलं.

मुळात ‘सिग्नल’ या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात आणि त्यांची नेहमी गल्लत होते. एक म्हणजे कोअर ऑफ सिग्नल्स, फौजेची वेगळी संपर्क-शाखा. तिच्या रेजिमेंट आणि कंपन्या डिव्हिजन-ब्रिगेडला, म्हणजे पलटणीच्या वरच्या मोठ्या फौजांना, दिलेल्या असतात. दुसरी म्हणजे प्रत्येक पायदळ पलटणीची स्वतःची सिग्नल प्लाटून. म्हणजे बेळगावच्या मराठा केंद्रात रिक्रूट म्हणून कदम-ताल शिकलेला आणि पुढं पलटणीत गेल्यावर खांद्यावर रायफलीबरोबर पाठीवर सेट आलेला मराठा जवान. तो सिग्नलचं काम करतो, पण बिल्ला मराठा रेजिमेंटच्या शिंगाचाच लावतो. दोघांमधली हद्द फार जुन्या नियमानं ठरते: वरच्यानं खालच्याकडं, डावीकडच्यानं उजवीकडच्याकडं, मदत देणाऱ्यानं मदत घेणाऱ्याकडं. ब्रिगेडपासून पलटणीच्या मुख्यालयापर्यंत तार आणायची ती कोअरच्या माणसांनी. पलटणीच्या मुख्यालयापासून चार कंपन्यांपर्यंत पलटणीच्या सिग्नलवाल्यांनी. दोन पलटणी शेजारी असल्या तर डावीकडची उजवीकडं लाइन टाकते. नियम लहान वाटतो, पण तो नसता तर रात्री दोन्ही पलटणी एकमेकींची वाट बघत बसल्या असत्या, नाहीतर एकाच बांधावरून दोन लाइनी गेल्या असत्या. लाइन तुटली की मात्र हद्द बघायची नाही. दोन्ही टोकांकडून माणसं निघतात.

ही कोअर १५ फेब्रुवारी १९११ रोजी जन्मली. त्या दिवशी फतेहगडला ३१ आणि ३२ क्रमांकाच्या डिव्हिजनल सिग्नल कंपन्या उभ्या राहिल्या. त्यांचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल एस. एच. पॉवेल सॅपर्सचे, म्हणजे फौजेच्या इंजिनिअरांपैकी, आणि कंपन्याही सुरुवातीला सॅपर्स अँड मायनर्सच्याच. त्याआधी तारायंत्र सॅपर्सकडं आणि झेंडे-आरसे पलटणींकडं अशी वाटणी होती. कोअरचं ब्रीद ‘तीव्र चौकस’. यातला दुसरा शब्द मराठीला जास्त जवळचा वाटतो, कारण आपल्याकडं चौकस माणूस म्हणजे खोदखोदून विचारणारा, आणि लाइनमनला नेमका तोच गुण लागतो.

आरशाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण हेलिओग्राफ म्हणजे नुसता चमकवायचा आरसा अशी समजूत आहे. हेन्री मान्स या तारखात्यातल्या माणसानं तो १८६९ मध्ये तयार केला. सैन्यातला नेहमीचा आरसा पाच इंच व्यासाचा, तिपाईवर बसवलेला. मधोमध एक बारीक ठिपका, तेवढ्या जागी पारा काढलेला. आरशामागून त्या ठिपक्यातून समोरचं ठाणं बघायचं आणि पुढं उभ्या केलेल्या दांडीवरची खूण बरोबर त्या रेषेत आणायची. उजेड पडला की त्याच ठिपक्याची छोटी सावली दांडीवर पडते. चावी दाबली की आरसा जरासा कलतो, सावली खुणेवर येते आणि त्या क्षणी समोरच्याला झोत दिसतो. चावी कमी वेळ दाबली तर मोर्स लिपीतलं टिंब, जास्त वेळ दाबली तर रेघ. सूर्य पाठीशी असेल तर दुसरा आरसा लावून उजेड पहिल्यावर पाडायचा.

आता राजहंसगडावरून बेळगावकडं आरसा धरलाय असं समजा. अंतर धरू पंधरा किलोमीटर. सूर्याचं बिंब आकाशात जवळपास अर्ध्या अंशाचं दिसतं, म्हणून परतलेला झोतही अर्ध्या अंशानं फाकतो. पंधरा किलोमीटरवर त्याचा ठसा साधारण एकशे चाळीस मीटर रुंद होतो. त्या एकशे चाळीस मीटरच्या बाहेर उभ्या असलेल्याला काहीही दिसत नाही, आणि याच कारणानं हेलिओग्राफ चोरून वाचणं अवघड. पण तीच त्याची खोडही आहे. सूर्य चार मिनिटांत एक अंश सरकतो, म्हणजे आरसा तसाच ठेवला तर दोन मिनिटांत सगळा झोत गावाबाहेर. म्हणून एक माणूस चावीवर आणि त्याचा डोळा सतत सावलीवर. दर थोड्या वेळानं स्क्रू फिरवून सावली जागेवर आणायची. निरोप मधेच बंद पडला तर बहुतेक वेळा दोष ढगाचा नसतो. चावीवरचा माणूस मजकुरात रंगून स्क्रू विसरलेला असतो.

आपल्या भागात मात्र हे यंत्र जून ते सप्टेंबर पेटीतच. जांबोटी-कणकुंबीकडं त्या दिवसांत समोरचं झाड दिसत नाही, तिथं गड कुठला दिसायला. रात्रीसाठी रॉकेलचा बेग्बी दिवा होता, पण धुक्यात तोही आंधळा. आरसा आणि दिवा ही कोरड्या डोंगरांची साधनं. वायव्य सरहद्दीवर त्यांचं नाव झालं ते त्यामुळंच.

पहिल्या महायुद्धात बिनतारी यंत्र खऱ्या अर्थानं कामी आलं. मेसोपोटेमियात कूतला वेढा पडला तेव्हा आत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. यातली १०३ म्हणजे आजची जंगी पलटण. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ रोजी शरण जाईपर्यंत बाहेरच्या फौजेशी बोलायला बिनतारीचाच मुख्य आधार होता. तार वेढ्यातून जात नाही. घोडेस्वार पोचत नाही. उपासमार चालली असताना धान्य किती दिवस पुरेल याचे आकडे त्याच यंत्रावरून बाहेर जात होते. यंत्रानं आपलं काम केलं, सुटका करणारी फौज मात्र पोचली नाही.

त्याच काळात फ्रान्सच्या खंदकांत दुसरा धडा मिळाला. तिथं एकेरी तार टाकून परतीची वाट जमिनीतून घ्यायची पद्धत होती. एका टोकाला लोखंडी खुंटी, दुसऱ्या टोकाला खुंटी, मधे एकच तार. निम्मी तार वाचायची. पण जमिनीतून जाणारी वीज सरळ रेषेत जात नाही, पसरते. शत्रूनं आपल्या बाजूला खुंट्या ठोकून, यंत्र लावून ती ऐकायला सुरुवात केली. त्यावर कॅप्टन फुलर यांनी फुलरफोन काढला. त्यात तारेवरून इतकी क्षीण आणि सपाट वीज जायची की शेजारच्याला पकडताच येईना. पुढं खुंटीची पद्धतच मागं पडली आणि दुहेरी पिळाची तार आली. खुंटीचा त्रास आपल्या जमिनीत वेगळाच. खानापूरच्या जांभ्यात उन्हाळ्यात खुंटी ठोकली तर ती नुसती दगडात उभी राहते, जमिनीशी तिचा संपर्कच होत नाही. मिठाचं पाणी ओतत राहावं लागतं. बैलहोंगल-अथणीकडच्या काळ्या रानात पावसाळ्यात उत्तम, पण एप्रिलमध्ये भेगा पडल्या की खुंटीभोवती हवाच.

दुहेरी तारेला फौजेत डी-एट, जुन्या लोकांच्या तोंडी डॉन-एट. त्या काळच्या अक्षरमालेत ए म्हणजे ऍक, बी म्हणजे बीअर, डी म्हणजे डॉन. अल्फा-ब्राव्हो ही आजची माला १९५६ ची. पण मोटारसायकलवरून डाक नेणारा डिस्पॅच रायडर त्यानंतरही बराच काळ डॉन-आरच राहिला. तारेच्या प्रत्येक शिरेत काही धागे तांब्याचे, काही पोलादाचे. तांबं आवाज नेतं, पोलाद ओढ सहन करतं. सोलताना चाकू खोल लावला तर आधी तांब्याचे धागे तुटतात आणि शिल्लक पोलादावर तार धरलेली दिसते. दिसायला जोडलेली, बोलायला मेलेली. नव्या पोरांचा सगळ्यात जास्त वेळ अशा सांध्यांनी खाल्लेला आहे.

लाइन टाकायची ती अशी. ड्रम उचलण्याआधी तो जागेवरच तपासायचा. दोन्ही टोकांना फोन लावून बोलून बघायचं, मग टोकं सुटी ठेवून हँडल फिरवायचं. जड गेलं तर ड्रमच्या आतच शॉर्ट आहे. तो ड्रम बाजूला. हे न करता निघालेली टोळी आठ किलोमीटर चालून परत येते. सुरुवातीच्या टोकाला तार खांबाला किंवा झाडाला बांधायची, म्हणजे पुढं कुणी ओढली तरी झटका टेलिफोनच्या टर्मिनलला बसणार नाही. दोन्ही टोकांना आणि रस्ता ओलांडतो तिथं लेबल. त्यावर लाइनचं नाव. रात्री एकाच बांधावर सहा तारा असताना लेबल नसलं तर लाइनमन आपली समजून शेजाऱ्याची तार कापतो. अशा चुका कुणी कबूल करत नाही, त्यामुळं त्या किती होतात हे कळत नाही.

तार ताणून टाकायची नाही. जमिनीवर टाकताना दहा ते वीस टक्के जास्तीची सैल सोडायची, नाहीतर पुढं तुटल्यावर दोन टोकं जुळवायला वावच राहत नाही. रस्ता ओलांडताना एकतर सहा ते बारा इंच खोल चर काढून पुरायची, नाहीतर अठरा फुटांवरून न्यायची. निपाणी-चिकोडीकडं ज्यानं उसाच्या ट्रॉल्या बघितल्यात, त्याला अठरा फूट का ते सांगायला नको. तिथं पुरलेली बरी. पण फडाशेजारून नेली तर तोडणीनंतर पाचट पेटवतात, तेव्हा वरचं वेष्टण वितळून दोन तारा एकजीव होतात. खानापूरच्या उतारावर तेच काम भाताच्या राबाचा जाळ करतो. शेतकऱ्याची चूक नाही यात, त्यानं तुमची तार मागितलेली नव्हती. लाइन नेणाऱ्यानं हंगाम बघायचा असतो. झाडावरून नेताना आकड्याच्या काठीनं वर चढवायची आणि दर काही झाडांनंतर बांधायची. नुसती अडकवलेली तार वाऱ्यानं फांदीवर घासते, आणि चार दिवसांनी पाऊस आला की ‘अर्थ’ धरते, म्हणजे वीज झाडावाटे जमिनीत उतरते. हा दोष सगळ्यात फसवा. ऊन पडलं की बरा होतो, लाइनमन पोचेपर्यंत लाइन चांगली.

सांधा घालतानाही एक युक्ती आहे, आणि ती न पाळणारा हमखास पकडला जातो. दोन शिरांचे सांधे शेजारीशेजारी यायला नकोत. एक शीर सहा-एक इंच आखूड कापायची, समोरच्या टोकाला उलट बाजूची आखूड कापायची, म्हणजे सांधे मागंपुढं पडतात. चौकोनी गाठ, उरलेले धागे गाठीच्या दोन्ही बाजूंना गुंडाळायचे, वर टेप, आणि टेप जुन्या वेष्टणावर इंच-दीड इंच चढलाच पाहिजे. सांधे समोरासमोर राहिले आणि टेप सैल पडला की पहिल्या पावसात शॉर्ट.

हे सगळं करूनही तार तुटते, सेट बंद पडतो, आणि मग पाय उरतात. ९ एप्रिल १९४५ ला इटलीत सेनियो नदीवर १/५ मराठाचे, म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीचे, शिपाई नामदेव जाधव आपल्या कंपनी कमांडरबरोबर नदी ओलांडत होते. त्यांचं काम काय होतं? कंपनी रनर. म्हणजे तार आणि सेट दोन्ही नसतील तेव्हा निरोप पोचवणारा माणूस. गोळीबारात बरोबरची तुकडी जवळपास संपली. त्यांनी दोन जखमींना पाण्यातून ओढून मागं आणलं, मग परत जाऊन मशीनगनची ठाणी बंद केली, आणि शेवटी बांधावर उभं राहून मराठ्यांची गर्जना देत मागच्यांना पुढं बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांच्या शौर्याबद्दल भरपूर लिहिलं जातं, ते रनर होते हे मात्र ओझरतं येतं. खरं तर बांधावरची ती हाकही सिग्नलच होती. दुसरं साधन तिथं उरलंच नव्हतं.

बेळगावच्या दृष्टीनं सिग्नलचा सगळ्यात जवळचा इतिहास डिसेंबर १९६१ चा. गोव्याच्या मोहिमेसाठी मेजर जनरल के. पी. कँडेथ यांची १७ इन्फंट्री डिव्हिजन बेळगाव परिसरात जमली. ६३ ब्रिगेड अनमोडच्या वाटेनं मोलेवर उतरणार, ५० पॅरा ब्रिगेड उत्तरेकडून, दोडामार्गाकडून. १८ तारखेच्या सकाळी बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या धावपट्टीवरून सहा हंटर लढाऊ विमानं उडाली. त्यांचं लक्ष्य पूल नव्हता की छावणी नव्हती. बांबोळीचं बिनतारी केंद्र होतं. पुण्याहून आलेली कॅनबेरा विमानं दाबोळीच्या धावपट्टीवर गेली, आणि सांबऱ्याच्या हंटरनी गोव्याचा लिस्बनशी बोलणारा घसा धरला.

त्याआधीची सहा वर्षं उलट दिशेनं आवाज जात होता. २५ नोव्हेंबर १९५५ पासून लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई हे गुप्त रेडिओ चालवत होते, आधी आंबोलीच्या जंगलातून, पुढं लोंढ्यापलीकडच्या कॅसलरॉकहून. पोर्तुगीज भाषेत ‘व्होज द लिबर्दाद’, कोंकणीत ‘गोंयच्या सोडवणेचो आवाज’. जागा निवडण्यामागं नुसतं लपणं नव्हतं. घाटमाथ्यावरून खाली कोकणपट्टीकडं लहरींना आडकाठी नाही. १९ डिसेंबरला पोर्तुगीज शरण आल्यावर याच दोघांनी विमानात बसून, रेडिओ आणि ध्वनिक्षेपकावरून गोव्याला ती बातमी सांगितली.

फौजेची अडचण मात्र त्याच घाटमाथ्यानं वाढते. माथ्यावरून खालच्या सपाटीशी बोलणं सोपं. पण तुकडी घाटाच्या वळणांत उतरली की तिच्या आणि मागच्या मुख्यालयाच्या मधे सह्याद्रीची धार येते. व्हीएचएफच्या, म्हणजे जास्त वारंवारतेच्या, लहरी दिव्याच्या उजेडासारख्या, धारेच्या सावलीत फार पोचत नाहीत. यावर दोनच उपाय. धारेवर एक सेट ठेवून त्यानं दोन्हीकडचं पुढं द्यायचं, किंवा एचएफ, म्हणजे त्याहून कमी वारंवारता, वापरून लहर जवळजवळ सरळ वर पाठवायची, म्हणजे ती आकाशातल्या थरावरून आपटून घाटाच्या दोन्ही बाजूंना खाली पडते. यासाठी अँटेना उंच लावायची नसते, हे नव्यांना पटत नाही. सहा-सात मीटरवर आडवी तार पुरते. लांबीचा हिशेब असा: १४३ ला मेगाहर्ट्झनं भागायचं, येईल तितके मीटर. पाच मेगाहर्ट्झला २८.६, म्हणजे सेटची तार जिथं जोडतात त्या मधल्या तुकड्याच्या दोन्ही बाजूंना १४.३ मीटरचा एकेक पाय. सूर्य मावळला की वारंवारता खाली आणायची. दिवसभर उत्तम चाललेलं जाळं संध्याकाळी साताला गप्प झालं, तर सेट उघडू नये, आधी घड्याळ बघावं. आणि वारंवारता बदलल्यावर तारेची लांबीही बदलावी, हे तर सर्रास विसरतात.

१९६१ मध्ये ५० पॅराचं काम मुख्य चढाईला मदत करण्याचं होतं, पण तीच सगळ्यांच्या आधी पणजीच्या तोंडाशी जाऊन थडकली. फौज अशी ठरल्यापेक्षा पुढं पळते तेव्हा सिग्नलवाल्याची झोप जाते. ड्रमवरच्या तारेला पळता येत नाही. आज सिग्नलचं दुसरं प्रशिक्षण केंद्र गोव्यातच आहे, पहिलं जबलपूरला, आणि अधिकाऱ्यांची संस्था महूला.

पुढचं थोडक्यात. १९५४ मध्ये बेंगळूरला भारत इलेक्ट्रॉनिक्स निघाली. सिग्नलचे पहिले भारतीय प्रमुख, कोडगूचे मेजर जनरल ए. सी. अय्यप्पा, पुढं तिच्याही प्रमुखपदी गेले. एएनपीआरसी-२५ हा पाठीवरचा सेट एका पिढीची ओळख बनला. वजन दहा-अकरा किलो, ३० ते ७६ मेगाहर्ट्झ, ९२० चॅनल. तीन फुटी पातीची अँटेना चालताना, दहा फुटी बसल्यावर. गवतात लपून बसलेल्याच्या डोक्यावर दहा फुटी अँटेना डोलत असते, एवढा एकच दोष त्याला शत्रूच्या नजरेत आणायला पुरेसा. नंतर एरेन आलं, ॲस्कॉन आलं, ही फौजेची मोठी संपर्कजाळी, मग फायबर. फायबरचा सांधा गाठीनं घालता येत नाही, पण जेसीबी तो तितक्याच सहज तोडतो.

आणि एकदा तुटली की काम तेच. आठ किलोमीटरची लाइन डिस आहे. सगळी तपासत चालत जायचं नाही. सरळ मधे जायचं, चौथ्या किलोमीटरवर. दोन्ही शिरांत टाचण्या टोचून फोन लावायचा. मागचं एक्सचेंज बोलतं, पुढची कंपनी बोलत नाही. म्हणजे दोष पुढच्या चार किलोमीटरमध्ये. त्याच्या मधे जायचं. मग दोन, मग एक. चार ठिकाणी टोचलं की उरतं अर्धं किलोमीटर, ते मात्र हातातून तार सोडत चालायचं. तार हातात असताना पलीकडून कुणी हँडल फिरवलं तर खांद्यापर्यंत झिणझिण्या येतात. म्हणून आधी दोन्हीकडं सांगून ठेवायचं. सांगितलं तरी कुणीतरी फिरवतोच. टोक सापडलं की सांधा घालायचा, मग परत फिरताना टोचलेली चारही भोकं टेपनं बुजवायची. हीच पायरी लोक थकून गाळतात, आणि चार दिवसांनी त्याच भोकांतून पाणी शिरून नवा अर्थ लागतो. शेवटी दोन्ही टोकांना हाक, दोन्हीकडून ‘ठीक ऐकू येतंय’, आणि वहीत एक ओळ: डिस ०२१५, चालू ०३४०, कारण गुरं.